बेटाचं इमान

आमच्या धुळ्याच्या बाजूला खेड्यापाड्यातली जुनी माणसं विमानाला ‘इमान’ म्हणत. आभाळात घरघर ऐकू आली की गल्लीतली पोरं ओरडत पळायची, ‘‘इमान उनं, इमान उनं!’’ अहिराणीत उनं म्हणजे आलं. आमच्या घरात मात्र इमान हा शब्द आजीच्या तोंडी निराळ्या अर्थानं असायचा. माणसाजवळ पैसा नसला तरी चालेल, इमान हवं, असं ती म्हणायची. लहानपणी मला ही दोन्ही इमानं एकच वाटत. आजीला आभाळातल्या इमानाची एवढी काळजी का, हे कळत नसे. पुढे बी.ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो, शब्दाशब्दांतला फरक समजू लागला. पण 2018 साली घरात असा प्रसंग आला की ते दोन अर्थ पुन्हा एकमेकांजवळ येऊन बसले.

माझा धाकटा भाऊ धुळ्यात यंत्रमागावर कामाला होता. त्याचा मुलगा आयटीआय करून वेल्डर झाला आणि करारावर मॉरिशसला एका बांधकामावर गेला. मे महिन्यातल्या एका पहाटे भाऊ गेला. मला जळगावला फोन आला. मी सकाळची एस.टी. धरली आणि एरंडोल, पारोळा करत दोन-अडीच तासांत धुळ्याला पोचलो. अंतर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. पोचल्यावर मॉरिशसला फोन लावला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं. पोरगा कामावर निघण्याच्या बेतात होता.

आमच्यात मयत फार वेळ घरात ठेवत नाहीत. होईल तितक्या लवकर दफन करावं, अशी रीत आहे. पोरगा म्हणाला, ‘‘बडे अब्बा, मी निघतो. माझ्यासाठी थांबा.’’ तासाभरानं त्याचा पुन्हा फोन आला. आजचं विमान निघून गेलं होतं. पुढच्यात जागा नव्हती. ज्यात जागा मिळत होती ते दोन दिवसांनी होतं. मे महिन्याचा उन्हाळा, घरात बायामाणसं रडत होती. थांबणं शक्य नव्हतं. असरच्या नमाजनंतर आम्ही भावाला कब्रस्तानात नेलं. तिथं हजर असलेला प्रत्येक जण तीन मुठी माती देतो. मी माझ्या तीन दिल्या आणि मग पोराच्या वाटच्या तीन.

तो आला तिसऱ्या दिवशी. मुंबईला उतरून रेल्वेनं चाळीसगाव आणि तिथून धुळे. बापाच्या कबरीपाशी उभा राहून दुआ मागितली. रात्री गच्चीवर बसलो असताना त्यानं मला विचारलं, ‘‘बडे अब्बा, धुळ्यासारख्या गावातून मुंबईला दिवसभर गाड्या आहेत. आणि अख्ख्या एका देशातून मुंबईला एवढी मोजकीच विमानं? का?’’

मला उत्तर देता आलं नाही. विमानाच्या व्यवहाराशी माझा काय संबंध? पण तो प्रश्न मनातून जाईना. मग वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी हा देश केवढा ते पाहू. मॉरिशसचं मुख्य बेट 1865 चौरस किलोमीटरचं आहे. आपल्या जळगाव जिल्ह्याचं क्षेत्रफळ 11,765 चौरस किलोमीटर. म्हणजे एका जळगाव जिल्ह्यात सहा मॉरिशस मावतील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. एकट्या धुळे जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत वीस लाखांवर होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून हे बेट सुमारे दोन हजार किलोमीटर दूर हिंदी महासागरात आहे. सर्वांत जवळचा मोठा शेजारी म्हणजे रीयुनियन हे फ्रान्सच्या ताब्यातलं बेट, तेही दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर. मुंबई तिथून सुमारे 4,700 किलोमीटर.

आता आपल्याकडचा विचार करा. जळगावला रेल्वेचं जंक्शन आहे. मुंबईकडून भुसावळकडे जाणारी आणि सुरतेकडून येणारी लाइन इथं मिळते. धुळ्यावरून मुंबई-आग्रा रस्ता जातो, सुरत-नागपूर रस्ता जातो. एक गाडी चुकली तर दुसरी. रेल्वे बंद पडली तर एस.टी., एस.टी.चा संप असला तर काळीपिवळी. कुणी ना कुणी डाळिंबाच्या ट्रकमध्येसुद्धा बसवून नेतं. बेटाला यातलं काहीच नसतं. चारी बाजूंना पाणी. जहाज आहे, पण जहाजातून आता माल जातो, माणूस जात नाही. बेटावरच्या माणसाला बाहेर पडायला एकच दार असतं, आणि ते म्हणजे विमानतळ. म्हणून आपल्या लेखी जी चैनीची गोष्ट, ती तिथं एस.टी.च्या ठिकाणी आहे.

मग एस.टी.सारखी तासातासाला का नाही? याचं उत्तर विमानाच्या आकारात आहे. जळगावहून गोव्याला किंवा पुण्याला जाणारं विमान सत्तर-बहात्तर आसनांचं, पंख्याचं असतं. सत्तर माणसं जमली की ते निघतं. पण असलं विमान हजार-दीड हजार किलोमीटरपलीकडे जात नाही. मॉरिशसहून ते रीयुनियनला जाईल, मादागास्करला जाईल, त्यापुढे खाली समुद्रच आहे. मध्ये उतरायला गाव नाही. मुंबई गाठायची तर सहा-साडेसहा तास सलग उडणारं विमान हवं, आणि इतक्या लांब जाणारी विमानं पुष्कळ काळ मोठीच होती. एअर मॉरिशसकडे 2017 पासून एअरबस ए-350 आहेत, त्यांत तीनशेहून अधिक आसनं. दोनशे माणसं जमली म्हणून अर्धं विमान पाठवता येत नाही. भरलं तर नफा, अर्धं गेलं तर तोटा. म्हणून छोटा देश विमानं मोजकी ठेवतो आणि प्रत्येक विमान भरायला बघतो. अलीकडे दोन इंजिनांची, एका गल्लीची छोटी विमानंही इतकं अंतर कापू लागली आहेत. 2023 च्या मार्चमध्ये विस्तारा कंपनीनं मुंबई-मॉरिशस सेवा अशाच विमानानं सुरू केली होती. विस्तारा 2024 च्या नोव्हेंबरात एअर इंडियात विलीन झाली. पण छोटं विमान दूर जाऊ शकतं, ही बेटांच्या दृष्टीनं मोठी गोष्ट आहे.

दुसरी बाब इंधनाची. प्रत्येक विमान निघताना एक हिशेब करून निघतं. ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर कुठं जायचं? मुंबईला पाऊस असला तर अहमदाबाद आहे, हैदराबाद आहे. मॉरिशसला वादळ असलं तर जवळचा आसरा रीयुनियन. आणि वादळ दोन्ही बेटांवर एकदमच यायचा संभव. जवळ कुठलाच विमानतळ नसलेल्या एकाकी बेटांसाठी तर नियमच असा आहे की विमानानं सुमारे दोन तास अधिक उडता येईल इतकं इंधन सोबत न्यायचं. हे इंधन वाहून न्यायलाही इंधनच जळतं. शिवाय ते बेटावर पिकत नाही. टँकर जहाजातून येतं. 2007 पासून अनेक वर्षं मॉरिशसचं पेट्रोल, डिझेल आणि विमानाचं इंधन आपल्या मंगळूरच्या रिफायनरीतून जात होतं. म्हणजे बेटावरून उडणाऱ्या विमानाच्या पोटातलं तेलही आधी समुद्र ओलांडून आलेलं असतं. मग तिकीट स्वस्त कसं असेल?

नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथं चक्रीवादळांचा हंगाम. वादळ जवळ येईल तसे एक ते चार असे इशारे देतात. वारा फार वाढला की विमानतळ बंद होतो आणि जमतील तितकी विमानं आधीच सुरक्षित जागी नेली जातात, जशी आपल्याकडे पूर यायच्या आधी गुरं वरच्या माळावर हाकतात. 2024 च्या जानेवारीत ‘बेलाल’ वादळ आलं तेव्हा राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी तरंगल्या आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. अशा वेळी दाराला कडी लागते. ती उघडेपर्यंत घरातल्यांनी घरात आणि बाहेरच्यांनी बाहेर राहायचं.

या दाराचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. त्याच्याशी आपलं मराठी माणसांचं नातं आहे. 1834 पासून हिंदुस्थानातले मजूर करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत जाऊ लागले. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या बेटावर उतरली. बहुतेक बिहार आणि उत्तरेकडची, काही तमीळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली, घाटावरची मराठी माणसं. कित्येक आठवड्यांचा समुद्रप्रवास करून ती पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरत. तिथल्या दगडी पायऱ्या आजही आहेत. त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. 2006 मध्ये युनेस्कोनं ती जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. करार पाच वर्षांचा असे. पण परत येणं किती जणांना साधलं? पुष्कळ जण तिथंच राहिले. त्यांच्या वंशजांनी मराठी टिकवली, गणपती टिकवला. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, शाळांतून मराठी शिकवतात.

जहाजांनंतर विमानं आली. 1933 च्या सप्टेंबरात मॉन श्वाझी इथल्या गवती मैदानावरून दोन फ्रेंच वैमानिकांनी रीयुनियनला उड्डाण केलं. तिथं आता त्याचं स्मारक आहे. मग दुसरं महायुद्ध आलं. बेटाच्या आग्नेय बाजूला प्लेसान्स इथं इंग्रजांनी लष्करासाठी धावपट्टी बांधली. युद्ध संपलं आणि तीच धावपट्टी प्रवासी विमानांच्या कामी आली. तोच आजचा विमानतळ. 1987 मध्ये त्याला देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचं नाव देण्यात आलं. त्यांचे वडील बिहारमधून मजूर म्हणून गेलेले. मजूर जहाजातून आला आणि त्याच्या मुलाचं नाव विमानतळाला लागलं. एका बेटाचा इतिहास एवढ्यात सांगून होतो. 2013 मध्ये तिथं नवी इमारत झाली, वर्षाला चाळीस लाख प्रवाशांची सोय होईल अशी.

सुरुवातीच्या काळात या बेटाला आपोआप विमानं मिळत. 1952 साली ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीनं पर्थहून जोहान्सबर्गला विमानसेवा सुरू केली. त्या काळची विमानं एवढा समुद्र एका दमात ओलांडू शकत नसत. म्हणून ती कोकोस बेटांवर थांबत आणि मग मॉरिशसला थांबत, इंधन घेत, पुढे जात. मॉरिशस हे तेव्हा हमरस्त्यावरचं गाव होतं. पुढे विमानांचा पल्ला वाढला. थांबायची गरज उरली नाही. आपल्याकडे बायपास झाला की गावातल्या स्टँडसमोरची हॉटेलं कशी ओस पडतात, ते तुम्ही पाहिलंच आहे. आभाळातही बायपास होतात. येणारे-जाणारे थांबतात म्हणून आपलं बरं चाललंय, अशा भरवशावर बेटाला राहता येत नाही.

बहुधा हे तिथल्या लोकांनी लवकर ओळखलं. मॉरिशस 12 मार्च 1968 ला स्वतंत्र झाला, पण एअर मॉरिशस ही कंपनी स्थापन झाली 14 जून 1967 ला. स्वातंत्र्याच्या नऊ महिने आधी! झेंडा फडकायचा होता, पण विमान कंपनी कागदावर आली होती. सरकारबरोबर एअर फ्रान्स आणि त्या वेळची ब्रिटिश बीओएसी भागीदार होत्या. पुढे एअर इंडियाही झाली. स्वतःची उड्डाणं सुरू व्हायला 1972 उजाडलं. तीही लंडन-पॅरिसची नव्हती. पायपर नावाहो नावाचं एक चिमुकलं विमान भाड्यानं घेतलं आणि ते रॉड्रिग्ज या आपल्याच धाकट्या बेटाकडे पाठवलं. सहाशे किलोमीटरवरचं हे बेट तोवर जहाजाच्या वेळापत्रकावर जगत होतं. मोठ्या घरानं आधी धाकट्या भावाकडे जायचा रस्ता केला, हे मला आवडलं. मग हळूहळू भाड्याची मोठी विमानं आली. 1988 च्या एप्रिलमध्ये कंपनीचं स्वतःचं नवं बोइंग 767 कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून निघालं आणि साडेसोळा तास न थांबता उडून थेट प्लेसान्सला उतरलं. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानानं तोवर एवढा पल्ला गाठला नव्हता.

आता पुतण्याच्या प्रश्नातला दुसरा भाग. पुढच्या विमानात जागा का नव्हती? मे महिना म्हणजे आपल्याकडची उन्हाळ्याची सुटी. लग्नसराई. मुंबईहून मॉरिशसला फिरायला जाणाऱ्यांची आणि परत येणाऱ्यांची गर्दी. म्हणजे ज्या विमानात माझ्या पुतण्याला जागा मिळाली नाही त्यात बहुधा समुद्रकिनाऱ्यावरून परतणारी आपलीच मंडळी बसली होती. हे लक्षात आलं तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. मग कळलं, की ती मंडळी नसती तर ते विमानच नसतं. 2019 मध्ये मॉरिशसला सुमारे 13 लाख 80 हजार पर्यटक आले. देशाच्या लोकसंख्येहून जास्त. हे पाहुणे विमानं भरतात म्हणून तिथल्या साडेबारा लाखांना रस्ता मिळतो. गावच्या माणसांनी स्वतःच्या प्रवासावर एवढी विमानं कधीच चालवली नसती. आपल्याकडे यात्रेसाठी जादा गाड्या सुटतात आणि त्यात गावच्या बाजाराला जाणारी म्हातारीही बसून घेते, तसं हे आहे. फक्त तिथं यात्रा बाराही महिने लागते, आणि यात्रेच्या ऐन गर्दीत म्हातारीलाच जागा मिळत नाही.

इथून पुढचा प्रश्न राज्यकर्त्यांचा आहे. दोन देशांमध्ये विमानं कुणी, किती वेळा न्यायची याचे करार असतात. छोट्या देशानं दार सताड उघडं सोडलं तर परदेशी कंपन्या येतात. दुबईच्या एमिरेट्सची ए-380 ही दुमजली विमानं 2013 पासून मॉरिशसला येऊ लागली. पाहुणे वाढतात, हॉटेलं भरतात. पण घरची कंपनी मार खाते. दार आवळून धरलं तर घरची कंपनी वाचते, पण तिकीट महागतं आणि पाहुणे दुसऱ्या बेटावर जातात. मालदीव आहे, सेशेल्स आहे. हा तोल सांभाळणं म्हणजे विहिरीच्या कठड्यावरून चालणं. परकी कंपनी पाहुण्यासारखी असते. हंगाम आहे तोवर राहते, नफा आटला की उठून जाते. तिला दोष देण्यात अर्थ नाही, तिचा तो धंदा आहे. पण घरच्या कंपनीनं असं उठून जायचं नसतं.

पण घरची कंपनीच आजारी पडली तर? 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे मॉरिशसनं सीमा बंद केल्या. विमानं जमिनीवर उभी राहिली. एप्रिलमध्ये एअर मॉरिशसचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. काही जुनी विमानं विकावी लागली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यातच जुलैत ‘वाकाशिओ’ नावाचं जपानी मालकीचं जहाज विमानतळापासून जवळच्याच प्रवाळखडकावर आदळलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं तेल निळ्या खाडीत पसरलं. बंद दाराच्या घराला आग लागावी तसं झालं. लोकांनी उसाचा पाला भरून तरंगते बांध केले आणि तेल अडवलं. त्या वेळी आपल्या हवाई दलाचं विमान तीस टन सामान आणि तटरक्षक दलाची तुकडी घेऊन त्याच धावपट्टीवर उतरलं. रीयुनियनहून फ्रेंच लष्करी विमान आलं. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये कंपनी प्रशासकांच्या हातून बाहेर आली आणि देशाचं दारही उघडलं. ती कंपनी बुडू द्यावी, असं म्हणणारे हिशेबानं बरोबरही असतील. पण रस्त्याचा हिशेब नफ्या-तोट्यात कोण करतं? एरंडोल-पारोळा रस्त्यानं या वर्षी किती नफा कमावला, असं आपण विचारतो का?

मोठ्या बेटाच्याही पलीकडे आगळेगा नावाची दोन छोटी बेटं आहेत, मॉरिशसच्या उत्तरेला अकराशे किलोमीटरवर. तिथं राहतात जेमतेम तीनशे माणसं, नारळाच्या बागांत. तिथं छोटी जुनी धावपट्टी होती. कुणी गंभीर आजारी पडलं तर तटरक्षक दलाचं भारतात बनलेलं डॉर्नियर विमान जायचं. एरवी वाट पाहायची जहाजाची. भारताच्या मदतीनं तिथं तीन हजार मीटरची नवी धावपट्टी बांधली गेली आणि 29 फेब्रुवारी 2024 ला दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी तिचं उद्घाटन केलं. तीनशे माणसांसाठी तीन हजार मीटर कशाला, असं विचारणारे आहेत. त्यामागं समुद्रावर नजर ठेवायचा हेतू आहेच, तो लपलेला नाही. पण मला त्या तीनशे जणांतली एखादी अडलेली बाळंतीण दिसते. तिच्या दृष्टीनं ही धावपट्टी म्हणजे दवाखान्याचा रस्ता.

आपल्याला हे सारं दूरचं वाटेल. पण विमान येतं आणि जातं म्हणजे काय, हे आपण जळगावकरांनीही अनुभवलं आहे. आपला विमानतळ नव्या रूपात 2012 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सुरू झाला. नियमित प्रवासी विमान यायला 2017 चा डिसेंबर उजाडला. ‘उडान’ योजनेत मुंबईची सेवा सुरू झाली, आणि बंद पडली. 2019 मध्ये दुसऱ्या कंपनीनं सुरू केली, तीही थांबली. 2024 मध्ये नव्या कंपनीनं गोवा, हैदराबाद, पुणे अशी विमानं सुरू केली. धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर तर शिकाऊ वैमानिकांचीच विमानं घिरट्या घालतात. सेवा बंद झाली तेव्हा आपण चार दिवस कुरकुर केली आणि निमूटपणे रेल्वेचं तिकीट काढलं. कारण आपल्याला दुसरा रस्ता होता. रावेर-सावद्याची केळी रेल्वेनं गेली, माणसं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेली. बेटावरच्या माणसानं रांग बदलायची तर कुठल्या रांगेत उभं राहायचं? पुढं पाणीच आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. पुतण्याला त्या दोन दिवसांत तिथं कुणी सांभाळलं? त्याच्या साइटवर एक वयस्कर ड्रायव्हर होता, तिकडचाच, मराठी वंशाचा. त्याची मराठी जुन्या कोकणी वळणाची, मध्येच तिकडच्या क्रिओल भाषेतले शब्द. बातमी कळल्यावर त्यानं पोराला आपल्या घरी नेलं, जेवायला घातलं, दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईच्या जुन्या जुम्मा मशिदीपाशी सोडलं, बाहेर गाडीत थांबून राहिला. तिसऱ्या दिवशी विमानतळावर पोचवायलाही तोच आला. वाटेत पोरगा रडत होता, मी वेळेवर पोचलो नाही म्हणत होता. तेव्हा तो म्हातारा म्हणाला, ‘‘बाळा, तू दोन दिवस उशिरा का होईना जाशील. माझा पणजा इथं आला, त्याला तिकडं आई होती. ती गेल्याचं त्याला दोन वर्षांनी कळलं. जायचं तर नावच नको.’’

पुतण्यानं हे मला गच्चीवर सांगितलं त्याला आता बरीच वर्षं झाली. तो पुन्हा गेला, करार पुरा केला, परत आला. आता धुळ्यात त्याचं स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला मागेच दिलं. म्हटलं, बेटा, माणसं थोडी, समुद्र मोठा, छोटं विमान पोचत नाही आणि मोठं भरत नाही. तो म्हणाला, ‘‘समजलं, बडे अब्बा. पण दोन जागा राखून ठेवता येतील ना? मयतीला जाणाऱ्यासाठी?’’

हा हिशेब मी कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता. तीनशे आसनांच्या विमानात दोन जागा. एस.टी.त आपण अपंगांसाठी, आमदारांसाठी, स्वातंत्र्यसैनिकांसाठी जागा राखतोच की. जिथं दुसरा रस्ता नाही तिथं अडलेल्या माणसासाठी शेवटच्या घटकेपर्यंत दोन जागा रिकाम्या ठेवणं जड जाऊ नये. बेटांना जाणाऱ्या कुठल्याही कंपनीला, कुठल्याही सरकारला हे करता येईल. त्यानं तोटा होईल तो थोडा होईल.

आजी म्हणायची त्या इमानाचा अर्थ मला वाटतं हाच होता. येतो म्हटलं की यायचं, आणि ज्याला दुसरा कुणी नाही त्याच्यासाठी जागा ठेवायची. विमान कुठल्याही देशाला विकत घेता येतं, भाड्यानंही मिळतं. बेटावरची माणसं मात्र आभाळाकडे बघत असतात ती इमानाच्या भरवशावर.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)